सोमवारी मी बेल्ह्याला गेले नव्हते

लोक मला शाल देतात. गेली काही वर्षं हा एक नवाच ताप मागे लागलाय. महिला दिन आला, पतसंस्थेचा वर्धापनदिन आला, की फोन येतो, "ताई, तुमचा सत्कार ठेवलाय." फ्लेक्सवर लिहितात, 'हरवलेल्या लेकरांची आई'. आई म्हणे! मी मुकाट्यानं नारळ घेते, दोन शब्द बोलते आणि घरी येते. शाल कपाटात कोंबताना मला दर वेळी एकच पोरगी आठवते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. ते एकदा धड लिहून काढावं म्हणून बसलेय. लिहून मन हलकं होतं वगैरे म्हणतात, मला काही तशी आशा नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. बाहेरून आलेलं, बरोबर आईबाप नाहीत, कोणी मोठं माणूस नाही, असं मूल जुन्नर-आंबेगावात कुठं दिसलं की लोक फोन करतात आणि मी जीप घेऊन जाते. एसटी स्टँड, हायवेवरचे ढाबे, वीटभट्ट्या, आठवडे बाजार. मुलाला बालकल्याण समितीपुढं उभं करायचं, समितीच्या आदेशानं बालगृहात ठेवायचं, घरच्यांचा शोध घ्यायचा, सापडले की पोचवायचं. कायद्याच्या भाषेत या मुलांना 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हणतात. हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की आता त्यातला एकही शब्द मला ऐकू येत नाही.

आणि मी काही शहरातून नेमणुकीवर आलेली बाई नाही. मी बोरी बुद्रुकची. घरचा कांदा. काढणीला माझ्या लहानपणी तळेघरकडची डोंगरातली माणसं यायची, आता सातपुड्यातून टोळ्या येतात. मुकादम त्यांना पिकअपमध्ये भरून आणतो, बांधाला प्लास्टिकच्या कागदाची पालं पडतात, कांदा निघाला की पालं उठतात. मी लहान असताना त्यांना चहाची किटली नेऊन द्यायचे. एवढ्या भांडवलावर मजुरांचं मला सगळं ठाऊक आहे अशी माझी खात्रीच होती.

मार्चचा मध्य होता. सोमवार, म्हणजे बेल्ह्याचा बाजार. बैलबाजारात कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकणाऱ्या एका माणसाचा फोन आला.

"ताई, एक पोरगी सकाळधरनं हौदापाशी बसलीय. धा-अकरा वर्साची आसंल. संगं कुनी न्हाई. ऊन लई हाय ओ."

बारा वाजायच्या आत मी तिथं होते, बरोबर एक महिला पोलीस. जनावरं पाणी पितात त्या सिमेंटच्या हौदाला पाठ लावून ती बसली होती. मांडीवर कपड्यांचं गाठोडं, त्यावर कांद्याची पात कापायचा छोटा विळा. आजूबाजूला बैल ओढत नेतायत, टेम्पोवाले हॉर्न मारतायत, आणि ही येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघत होती.

मी समोर उकिडवी बसले. माझा खास आवाज काढला. आमच्याकडं सगळ्यांकडं असा एक मऊ आवाज असतो. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं. सातपुड्यातली. आईबरोबर टोळीत कांदा काढायला आली. गुरुवारी पहाटे टोळी दुसऱ्या शिवारात हलली, दोन पिकअप होते. ही मागं नळावर कळशी घासत होती. पहिल्या गाडीतल्या आईला वाटलं पोरगी दुसरीत आहे, दुसरीतल्यांना वाटलं ती आईपाशी आहे. दोन्ही गाड्या गेल्या. मग चार रात्री ती त्या शेतकऱ्याच्या कांद्याच्या चाळीत झोपली. त्याच्या बायकोनं भाकरी दिली.

"आणि आज इथं का बसलीस?"

"आई येणार. बाजारात येणार."

हे वाक्य मी किती पोरांच्या तोंडून ऐकलंय! सगळ्यांची आई येणारच असते. स्टँडवर सोडून गेलेल्याचीसुद्धा. खरं सांगायचं तर पोरीचं बोलणं पुरतं व्हायच्या आत मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आईनं हिला टाकलं. घरात चार पोरं असतील, एक तोंड कमी केलं. असं वाटायला मला काही पुरावा लागला नाही. माझ्या सख्ख्या भाचीबद्दल कोणी असं बोललं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

ती उठेना. हौदाचा कठडा दोन्ही हातांनी धरून बसली. "नको बाई. आई येणार. शाम तक येणार." आम्ही दोघींनी तिला उचललं. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. पोलीसबाईंनी विळा काढून घेतला आणि 'हत्यार' म्हणून वेगळा ठेवला. हत्यार! त्या विळ्यानं तिनं आमच्यासारख्यांचे किती ट्रॉली कांदे कापले असतील. भोवती गर्दी जमली, कोणी मोबाइलवर शूटिंग करत होतं, कासरेवाल्यानंच तिचं गाठोडं जीपमध्ये टाकलं. साडेबारा वाजले होते. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'बाजारातून बालिकेची सुटका'. ती मी चार ग्रुपवर टाकली आणि आलेले अंगठे मोजत बसले.

आमचं बालगृह नारायणगाव आणि मंचरच्या मध्ये, हायवेपासून जरा आत. तिथं स्वयंपाकाला एक मावशी होत्या, तळेघरच्या. पन्नाशीच्या, काटक, बोलायला फटकळ. पोरगी दोन दिवस अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी तिला चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, घेऊन बसवलं आणि नाचणीची भाकरी चारली. तेव्हा पोरीनं मला सांगितलेलं सगळं त्यांनाही सांगितलं. मावशी पिठाच्या हातानं तशाच माझ्या टेबलाशी आल्या.

"ताई, ती पोर बरोबर बोलती. तिला सोमवारी बेल्ह्याला नेऊन बसवा."

"मावशी, पोर म्हणजे काय वासरू आहे का बाजारात नेऊन बसवायला?"

"वासरूच म्हना. आमी डोंगरातनं खाली कामाला यायचो ना, तवा माजी आई पयल्याच दिवशी सांगायची. चुकलीस तर रडत फिरायचं न्हाई. जवळचा बाजार कंचा ते इचारायचं आन बाजाराच्या दिवशी पान्याच्या जागंला जाऊन बसायचं. दिस मावळंस्तवर हलायचं न्हाई. ह्या बाजाराला न्हाई आले तर फुडच्या बाजाराला बसायचं. मी येनार. आमच्यापाशी कुटं फोन व्हते? आमाला पत्ता म्हंजी बाजार. समद्या मजुरांचं आसंच आसतंय, ताई. ज्याला पोर घावलं त्यो बी बाजारालाच घेऊन येतो."

मी हसले. मला अजून ते हसणं आठवतं आणि स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते. मी त्यांना समजावलं, की मावशी, तो जमाना गेला. आता कायदा आहे. समितीच्या आदेशाशिवाय मूल गेटबाहेर नेता येत नाही, आणि बाजारात तर मुळीच नाही.

"मग पोरीला नगा नेऊ. तुमी तर जाल? तिची आई तिथं बसलेली आसंल."

"जाईन," मी म्हणाले.

सोमवारी आमची पुण्याला आढावा बैठक असते; पोरीला उचललं त्या सोमवारी ती झाली नव्हती, एवढंच. सकाळी जीपनं जायचं, संध्याकाळी यायचं. या बैठकीत काय होतं? मागच्या आठवड्याचा तक्ता वाचतात, चहा येतो, पुढच्या आठवड्याचा तक्ता देतात. भाचीच्या साखरपुड्याला मी ती बैठक खुशाल बुडवली होती. पण बेल्ह्याला जाण्यासाठी बुडवावी असं मला वाटलं नाही. तिथं कोणी असणारच नव्हतं ना, मी ठरवलं होतं!

बाकी मी सगळं नियमानं केलं. तिच्या जिल्ह्यात पत्रं धाडली. पोलिसांना कळवलं. वर्तमानपत्रात तिच्या फोटोची जाहिरात दिली, म्हणजे तिच्या अक्षरओळख नसलेल्या आईनं ती सकाळी चहा पिताना वाचावी. तपासणी अहवालाचे सगळे रकाने भरले, एकही कोरा सोडला नाही. नाकानं कांदे सोलायचे तर ते आमच्याकडून शिकावं.

पहिल्या सोमवारी पुण्याहून आले तेव्हा दिवेलागण झाली होती. चाकणच्या ट्रॅफिकनं डोकं उठलं होतं. ती गेटच्या पायरीवर बसली होती. मी जीपमधून पाय खाली ठेवते तोच तिनं विचारलं,

"बाजारात गेली होती?"

"हो. गेले होते."

"आई?"

"नाही आली गं."

झालं. एवढंच. इतक्या सहज तोंडातून गेलं की मी स्वतःच दचकले. पुढं मनाची समजूत घालायला कारणं सापडली. ट्रेनिंगमध्ये सांगतात, मुलाला खोट्या आशेवर ठेवू नका. मी म्हटलं, आपण तेच करतोय. पण तसं काही नव्हतं. 'गेले नाही' म्हटलं असतं तर ती रडली असती, मावशींनी माझ्याकडं बघितलं असतं, आणि पुढच्या सोमवारी मला खरंच जावं लागलं असतं. मला चहा पाहिजे होता आणि पाठ टेकायची होती. सोय म्हणून बोलले. याला दुसरं नाव नाही.

दुसऱ्या सोमवारी ती प्रश्न तयार करून बसली होती.

"हौदापाशी बघितलं?"

"बघितलं."

"रस्सीवाल्याला विचारलं?"

"विचारलं. तोही म्हणाला, कोणी आलं नाही."

"हिरवी साडी आहे आईची. फाटलेली, इथं." तिनं स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"बाजारात खूप हिरव्या साड्या असतात गं. पण तुझी आई नव्हती."

किती छान खोटं बोलत होते मी! तिसऱ्या सोमवारी तर न विचारता सांगितलं, की मी अगदी बाजार उठेपर्यंत थांबले होते. ओट्यावरून मावशी ऐकत होत्या. त्यांनाही खरं वाटलं. "आसं कसं झालं बया," म्हणून त्या कपाळाला हात लावून आत गेल्या.

चौथ्या सोमवारी पोरगी पायरीवर होती, पण तिनं काही विचारलं नाही. नुसतं तोंडाकडं बघितलं. मी मान हलवली. पाचव्या सोमवारी पायरी रिकामी होती. ती आत मुलींबरोबर टीव्ही बघत होती, हसत होती. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. मी त्याच आठवड्यात प्रगती अहवालात लिहिलं, 'बालिका संस्थेत रुळली असून मानसिकदृष्ट्या स्थिर आहे.' बालगृहाचे अधीक्षक म्हणाले, चांगला अहवाल आहे.

त्याच दिवसांत एकदा मी व्हरांड्यातून जाताना एका नव्या मुलीनं तिला विचारलेलं ऐकलं, तुझी आई कुठंय. ती म्हणाली, "मला नाय आई." सरळ, भांडं खाली ठेवावं तसं. मी थबकले नाही. फाईल घेऊन पुढं गेले.

मेच्या सुरुवातीला मावशींनी सुट्टी घेतली. महिन्यातून एकदा त्या तळेघरला जायच्या. तिकडं जाणारी एसटी चुकली की अर्धा दिवस पायपीट, म्हणून नेहमी शनिवार-रविवार धरून जायच्या. या वेळी सोमवार मागितला. मी कशाला विचारतेय का म्हणून. मला नंतर कळलं की त्यांनी ड्रायव्हरला सहज विचारलं होतं, बेल्ह्याला ताईंची गाडी कुठं लावता रे? आणि तो म्हणाला होता, कसलं बेल्हं मावशी, दर सोमवारी आपण पुण्याला असतो.

बैठक चालू होती. दीडच्या सुमाराला फोन वाजला. मावशी मला कधी फोन करायच्या नाहीत. मी तक्त्याच्या कागदाआड तोंड घालून हळूच म्हटलं, काय मावशी?

"घावली."

"कोण?"

"तिची आई. हौदापाशी बसलीया. हिरवं लुगडं, खांद्याव फाटल्यालं."

मी उठून बाहेर आले. मावशी बोलत होत्या आणि मागं बैलांचा, टेम्पोंचा आवाज येत होता. त्यांनी मला सगळं ऐकवलं, एक अक्षर सोडलं नाही. आई पहिल्याच दिवशी आली होती. आम्ही पोरीला नेलं त्याच सोमवारी, तीन वाजता. टोळी गेली होती पार संगमनेरच्या पलीकडं, मुकादम सोडायला तयार नव्हता, दोन गाड्या बदलून ती बाई तीन वाजता हौदापाशी पोचली. आमची जीप साडेबाराला निघाली होती.

कासरेवाल्यानं तिला सांगितलं, की एक बाई आली होती, संगं पोलीस होती, जीपमधून घेऊन गेल्या. मुकादमानं तिला भेदरवलं, की पोलिसांत गेलीस तर पोरीला कामाला लावलं म्हणून तुलाच आत टाकतील. मग ती बाई तिच्या लोकांची रीत पाळत बसली. ज्यांनी नेलंय ते बाजाराला घेऊन येतील. त्यानंतर एकही सोमवार तिनं चुकवला नाही. सात सोमवार. दर वेळी कामावर खाडा, दर वेळी मुकादमाच्या शिव्या, आणि दिवस मावळेपर्यंत हौदापाशी.

एवढ्यात कासरेवाल्यानं मावशींच्या हातातून फोन घेतला. तो चिडलेला नव्हता, नुसता चकित झाला होता. तेच जास्त लागलं.

"ताई, मीच तिला म्हनत व्हतो, बस, आनत्यात. चुकल्यालं जनावर बी ज्याला घावतं त्यो फुडच्या बाजाराला आनून हितं हौदापाशी बांधतो. मला वाटलं, तुमी आनालच. तुमाला फोन लावतो म्हनलं की ही पोलिसाच्या भ्यानं माजा हात धरायची. तुमी तर बोरीच्या ना?"

होय, मी बोरीची. आमच्या वस्तीवर एकदा कुणाची तरी कालवड चुकून आली होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. वडील तिला दोन सोमवार बेल्ह्याला घेऊन गेले, शेतातली कामं टाकून. दुसऱ्या सोमवारी मी बरोबर होते. तिचा मालक आला, त्यानं तिच्या मानेला मिठी मारली, वडिलांनी त्याचा चहा घेतला आणि आम्ही घरी आलो. हे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. कालवडीला लागू होतं ते त्या पोरीला लागू होईल असं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण पोरीसाठी आमच्याकडं फॉर्म होता.

मी जीप पळवत आले, तरी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकून सहा वाजले. मावशींनी आईला एसटीनं आणलं होतं. आदेश नाही म्हणून अधीक्षकांनी तिला गेटबाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. मावशी तिच्या शेजारी बसून होत्या, आत स्वयंपाक तसाच पडला होता. बाई माझ्या कल्पनेपेक्षा खूप लहान निघाली, तिशीचीही नसेल. कांद्याच्या पातीनं बोटं काळी झालेली. मला बघून ती उठली आणि तिनं हात जोडले. तिला वाटलं, मी तिच्या पोरीला सांभाळणारी बाई.

अधीक्षकांना मी म्हटलं, जबाबदारी माझी, आदेश उद्या आणते, आत घ्या. ऑफिसमध्ये बसलो. पोरीला बोलावलं. ती दारात आली आणि दारातच थांबली. आईच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. ती धावली, पोरीला मिठीत घेतलं, तिच्या डोक्यावरून, पाठीवरून, दंडांवरून हात फिरवत राहिली. पोरगी उभी होती. हात दोन्ही बाजूंना सरळ. प्रार्थनेच्या रांगेत उभ्या राहतात तशी.

आई त्यांच्या बोलीत भराभर काही सांगत होती. मला कळत नव्हतं, फक्त मधून 'सोमवार' आणि 'बेल्हे' ऐकू येत होतं. पोरीनं एकच वाक्य उत्तर दिलं. आईचे हात थांबले. ती माझ्याकडं वळली.

"बाई, ही बोलते मी नाय आली. बोलते, बाईनं बघितलं, हर सोमवारी बघितलं, तू नाय होती." ती रागावली नव्हती. तिला काही उमगतच नव्हतं. "मी आली होती. हर सोमवारी. तुम्ही सांगा तिला."

मावशी दाराला टेकून उभ्या होत्या. अधीक्षक रजिस्टरमध्ये बघत होते. मी पोरीपुढं बसले, त्या पहिल्या दिवशी बसले होते तशी. माझा तो मऊ आवाज निघेना. मी म्हणाले, "बाळ, मी खोटं बोलले. मी बाजारात गेलेच नव्हते. एकदाही नाही. तुझी आई पहिल्या दिवसापासून येत होती. मीच गेले नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. या सात आठवड्यांत तिचं मराठी छान सुधारलं होतं.

"तेव्हा पण तुम्ही असंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "हौदापाशी बघितलं. रस्सीवाल्याला विचारलं."

"ते खोटं होतं गं."

"मग आता?"

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर मला कळवा. मावशी म्हणाल्या, "आगं पोरी, मी सोता बघितली तिला, हौदापाशी." पोरीनं त्यांच्याकडं बघितलं आणि मान हलवली, मोठ्या माणसाचं मन राखायला हलवतात तशी. मोठी माणसं एकमेकांना सामील असतात हे तिला आमच्याकडं कळलं होतं.

त्यानंतर कागद सुरू झाले. आई खरी कशावरून? तिच्या आधारवर नाव होतं, पोरीचं आधार नव्हतं. गावाकडून पत्र मागवलं. ते येईपर्यंत तीन आठवडे गेले. टोळी सातपुड्याकडं परत गेली, आई मावशींच्या खोलीत राहिली, बालगृहाची भांडी घासू लागली. रोज दुपारी एक तास दोघींची भेट, समोरासमोर खुर्च्यांवर. आई बोलायची, पोरगी विचारलं तेवढं सांगायची. ओरडायची नाही, रुसायची नाही. आईनं आणलेला पेरू खायची, बी न टाकता. एखादीनं रडून तमाशा केला असता तर बरं, इतकी शहाण्यासारखी वागायची. मी त्या तीन आठवड्यांत चार वेळा तिला तेच सांगायला गेले. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो बाई."

आदेश आला. निघायच्या दिवशी सकाळी आईनं रजिस्टरला अंगठा दिला. मग ती जाईना. टेबलापाशी घुटमळत राहिली.

"बाई, एक कागद लिहून द्या."

"कसला?"

"मी आली होती, असा. हर सोमवारी आली होती. ही आता इस्कूलला जाणार. वाचायला शिकणार. मोठी होईल तेव्हा वाचेल." तिनं पोरीकडं बघितलं नाही. "माझं नाय ऐकत. कागदाचं ऐकेल."

मी ड्रॉवरमधून लेटरहेड काढलं. अधीक्षकांनी मला बाजूला बोलावलं. माणूस वाईट नाही, आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. म्हणाले, "ताई, लेटरहेडवर नको आणि शिक्का तर मुळीच नको. उद्या कुणाच्या हाती पडलं तर चौकशी लागेल. तुमची नोकरी जाईल, संस्थेची मान्यता जाईल, मग या बाकीच्या पोरांचं काय?" बाकीची पोरं! ती नेहमी अशा वेळीच आठवतात. मी त्यांना म्हणू शकले असते, जाऊ दे नोकरी. मी लेटरहेड परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

एका वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. 'या मुलीला आम्ही बेल्ह्याच्या बाजारातून नेलं त्याच दिवशी तिची आई तिला न्यायला आली होती. त्यानंतर सात सोमवार ती येऊन दिवसभर बसली. मी एकदाही गेले नाही आणि मुलीला खोटं सांगितलं.' खाली सही केली. माझ्या सगळ्या नोकरीत मी लिहिलेला हा एकमेव खरा अहवाल असेल.

आईनं कागद दोन्ही हातांत घेतला. उलटा करून मागची बाजू बघितली, परत सुलटा केला.

"ठप्पा नाय?"

"असल्या कागदाला ठप्पा लागत नाही," मी म्हणाले.

तिला पटलं. तिनं चार घड्या घालून तो पोलक्यात ठेवला आणि मला परत एकदा हात जोडले. पोरगी शेजारीच उभी होती. अडीच महिने होत आले होते तिला आमच्याकडं. दुधाच्या पावतीवर, दवाखान्याच्या चिठ्ठीवर, पाहुण्यांच्या पासवर, सगळ्यावर ठप्पा पडताना तिनं बघितला होता. तिनं टेबलावरच्या शिक्क्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आईला ती काही बोलली नाही. गाठोडं उचललं आणि दाराकडं निघाली.